बिनफवारणीचा वाफा

मला दया आली, एवढाच माझा गुन्हा. दया येणाऱ्या माणसाकडे लोक कौतुकाने बघतात, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी ती टोमॅटोच्या रोपांवर केली आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या परीक्षेचं वाटोळं केलं.

झालं होतं असं. आमच्या घरामागे कुंपणाच्या भिंतीला लागून जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. तिथे पूर्वी तुटकी सायकल, फुटक्या कुंड्या आणि 'कधीतरी लागेल' या सदरातल्या वस्तू नांदत होत्या. ताईंनी एका सकाळी येऊन ते सगळं उचलून माझ्या हातात दिलं आणि तिथे दोन वाफे घातले. ताई राहतात दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या घरात माती सापडली तर पायपुसण्यावर, आणि तीही त्या फार वेळ टिकू देत नाहीत. म्हणून ही आमची पट्टी.

दोन्ही वाफ्यांत एकाच ट्रेमधली रोपं लावलेली. एका वाफ्याच्या डोक्याशी लाल काठी, दुसऱ्याच्या डोक्याशी पांढरी. लाल काठीच्या वाफ्यावर ताई ठरावीक लक्षणं दिसली की औषध फवारायच्या. पांढऱ्या काठीच्या वाफ्याला नुसतं पाणी. ताईंना नणंदेच्या घरी काही कामासाठी परगावी जावं लागलं, तेव्हा त्यांनी मला पट्टीवर नेऊन उभं केलं, पांढऱ्या काठीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, पाणी सोडून याला काही करायचं नाही. काहीही नाही."

मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात धरणारा आमच्या घरात कोणी नाही.

पण रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभं राहायचं आणि एकाच आईची दोन लेकरं अशी शेजारी शेजारी बघायची, याला काळीज दगडाचं लागतं. लाल काठीची मंडळी हिरवीगार, टवटवीत, जणू परीक्षेत पहिली आलेली. पांढऱ्या काठीची मंडळी खालून पिवळी पडत चाललेली, पानांवर तपकिरी ठिपके, आणि मान अशी खाली घातलेली की वाटावं, यांना कोणी जेवायलासुद्धा विचारलेलं नाही. रविवारी दुपारी मला ते बघवेना.

ताईंचा फवारणीचा पंप त्यांच्या घरी कुलपात होता. पण औषधाची पुडी आमच्याच पडवीत, उंच फळीवर होती. मी स्टुलावर चढून ती काढली. निळसर हिरवी पूड. पुडीवर बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं. चष्मा आत राहिला होता. मी अंदाजाने पूड घेऊन पाण्यात कालवली आणि कपडे इस्त्री करताना पाणी मारायची बायकोची बाटली भरून घेतली. एकेका पानावर, वरून आणि खालून, मोठ्या मायेने फवारलं. बाटलीचं तोंड सारखं बुजत होतं ते टाचणीने मोकळं केलं. सगळं संपल्यावर मला अशी काही छान झोप लागली म्हणता, जी पुण्य केल्यावरच लागते.

संध्याकाळी पानांच्या कडा काळवंडल्या. दुसऱ्या दिवशी त्या जळक्या कागदासारख्या कुरकुरीत झाल्या. पाठोपाठ इस्त्री झालेल्या माझ्या पांढऱ्या शर्टावर निळे ठिपके उमटले, आणि बायको मागच्या दारात येऊन वाफ्याकडे एकदा, शर्टाकडे एकदा आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"ताईला कोण सांगणार?" तिने विचारलं. मी पुन्हा मान हलवली, पण या वेळी आडवी.

आता ताई म्हणजे काय चीज आहे हे सांगितल्याशिवाय माझी तेव्हाची अवस्था कोणाला कळायची नाही.

ताई बियाणं, खतं आणि औषधं विकणाऱ्या दुकानात गल्ल्यामागे बसतात. किती वर्षं बसतात ते विचारू नये. दुकानाचा रंग तीनदा बदलला, ताईंचा चेहरा नाही. काही माणसं जन्मतः गोड आवाजाची असतात, काही जन्मतः उंच असतात. ताई जन्मतः तुच्छतावादी आहेत. तुच्छता ही त्यांची भाषा आहे. त्या भाषेत त्या सुखदुःख, हवापाणी, आजारपणं, सगळं बोलतात. माझ्या लग्नात मला पहिल्यांदा बघून त्या बायकोला म्हणाल्या होत्या, "ठीक आहे, सावलीत टिकेल." पुढे अनेक वर्षांनी मला कळलं की ती शिफारस होती.

तुच्छतेतही त्यांनी प्रती लावलेल्या आहेत. रोगट पान खिशातून घडी घालून आणणाऱ्या शेतकऱ्याला त्या म्हणतात, "हे पान आहे की रुमाल?" शेजाऱ्याने फवारलं म्हणून मीही फवारतो म्हणणाऱ्याला विचारतात, शेजारी विहिरीत उतरला तर तुम्हीही उतराल का, आणि उतराल ते बादली घेऊन की दोर. 'काहीतरी पावरफुल द्या' म्हणणाऱ्याकडे त्या नुसतं बघतात. त्या बघण्यात अशी ताकद आहे की पुष्कळदा पीक तेवढ्यानेच सुधारत असावं. आणि सगळ्यात खालच्या प्रतीची तुच्छता राखून ठेवलेली आहे ती औषध कंपन्यांच्या फुकट टोप्या घालून हिंडणाऱ्यांसाठी.

गंमत म्हणजे ताई निम्म्या गिऱ्हाइकांना रिकाम्या हाताने परत पाठवत. "याला काही नको, आठवडाभर थांबा." दुकानाचे मालक आतल्या खोलीतून हे ऐकत आणि छातीवर हात ठेवत. पण त्यांना एक कोडं कधी उलगडलं नाही, की ज्यांना ताईंनी हाकललं तेच पुढच्या हंगामात दुप्पट माणसं घेऊन का येतात. लोक लांबलांबून बोलणी खायला येत. घरी बायको बोलते, ती वेगळी. ही बोलते त्यात पिकाचं काहीतरी असतं, असा त्यांचा हिशेब.

आणि मग तो नियम आला. यापुढे पिकाबद्दल सल्ला द्यायचा तर प्रमाणित पीक सल्लागार असलं पाहिजे. प्रमाणपत्र नसलेल्याने मागेल ती वस्तू काढून द्यावी, पावती फाडावी आणि तोंड बंद ठेवावं. मालकांनी लगेच पाटी रंगवून लावली: 'सल्ला फक्त प्रमाणित सल्लागाराकडूनच मिळेल.' दुकानात प्रमाणित सल्लागार कोणीच नव्हता, हा भाग पाटीवर मावला नाही.

मी स्वतः एकदा तिथे उभा होतो. एक म्हातारा शेतकरी वांग्याचं पान घेऊन आला. ताईंनी पान पाहिलं आणि त्यांचे ओठ हलले, पण आवाज बाहेर येईना. म्हाताऱ्याने वाट पाहिली, मग शेजारच्या माणसाला विचारून कुठल्याशा बाटलीचं नाव सांगितलं. ती बाटली चुकीची होती, हे ताईंच्या मानेवरची शीर सांगत होती. त्यांनी बाटली काढून दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. उकळत्या आधणावर झाकण दाबून धरावं, तसं चित्र होतं.

दिवसभर दाबलेलं ते सगळं संध्याकाळी आमच्या घरी उतू जाई. बायकोला फोडणीवर सल्ला, मला चालण्यावर सल्ला, भिंतीवरच्या घड्याळाला वेळेवर सल्ला. माझे साडू, म्हणजे ताईंचे यजमान, मितभाषी गृहस्थ आहेत. त्या दिवसांत ते रोज संध्याकाळी लांब फिरायला जाऊ लागले आणि चांगलेच बारीक झाले. थोडक्यात, ताईंना प्रमाणपत्र मिळणं ही आता आम्हा सगळ्यांचीच गरज झाली होती.

ताईंची गरज त्याहून मोठी होती. मालकांनी दुकानात दर्शनी जागी एक टेबल टाकायचं ठरवलं होतं, हातांची खुर्ची, मागे सल्ल्याचा फलक. त्या खुर्चीवर जो प्रमाणित होईल तो बसणार. ताईंनी अर्ज भरला, आणि मालकांच्या भाच्यानेही भरला. भाचा दुकानात मोटारसायकलवरून येई, एका कंपनीची टोपी घालून. ती टोपी तो आतही काढत नसे. ताई त्याला नावाने हाक मारत नसत. नुसतं 'टोपी' म्हणत. आपल्याला गल्ल्यामागे गप्प बसवून टोपी समोरच्या खुर्चीत बसणार आणि येईल त्याला दोन-दोन बाटल्या लिहून देणार, हे चित्र त्या डोळ्यांसमोर आणत आणि हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवत.

वर्ग एका बँकेच्या वरच्या मजल्यावर भरत. शिकवणारे मास्तर एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आवाज मऊ, पडद्यावर चित्रं दाखवणारे. पहिल्याच दिवशी ताई परतल्या त्या हसत. त्यांना हसताना बघून साडू दारातूनच मागे फिरले. मास्तरांनी मातीची ओळख करून दिली होती. "ओळख," ताई म्हणाल्या. "माती तिथे नव्हती, पण ओळख झाली."

ताई अभ्यासात चांगल्या होत्या. किडी, रोग, मातीचे प्रकार, औषधाचं प्रमाण, सगळं त्यांना येत होतं. पण 'संवादकौशल्य' नावाचा एक भाग होता आणि तिथे गाडी अडली. 'शेतकऱ्याशी नम्रपणे, त्याच्या कलाने, त्याला समजेल असं बोलावं.' हे वाक्य ताईंनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं, जणू कोणीतरी त्यांच्या दारात कचरा टाकला होता. सरावासाठी मला शेतकरी व्हावं लागलं. मी दारातून आत यायचं आणि म्हणायचं, ताई, माझी पानं पिवळी पडतात हो. ताईंनी त्यावर म्हणायचं, बसा, कधीपासून होतंय ते सांगा.

मी आत आलो. माझं वाक्य म्हटलं. ताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पडणारच."

बायकोने पुन्हा करायला लावलं. पाचव्या-सहाव्या वेळेला ताई 'बसा' पर्यंत पोचल्या, पण त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजात पोलीस बसा म्हणतात.

परीक्षेचे तीन भाग होते. लेखी, तोंडी, आणि मधला हा वाफ्यांचा प्रयोग. उमेदवाराने स्वतः एक हंगाम दोन वाफे करायचे, एकावर उपचार करायचा, दुसरा तसाच सोडायचा, आणि फरक काय पडला तो फोटोंसह अहवालात मांडायचा. त्यातला दुसरा वाफा मी इस्त्रीच्या बाटलीने जाळला होता.

ताई परगावाहून आल्या त्या थेट आमच्या मागच्या दारी. बायकोला त्या क्षणी माळ्यावर काहीतरी शोधायचं आठवलं. मी पुढे होऊन म्हणालो की करपा जरा वाढलेला दिसतोय.

ताई वाफ्याशी उकिडव्या बसल्या. एक पान तोडलं, उलटं केलं, उन्हात धरलं, बोटाने कड चुरडली. मग बोटाचा वास घेतला. करप्याचे ठिपके खालच्या जुन्या पानांवर आधी येतात आणि त्यांच्यात एकात एक कडी असतात, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. इथे जळलेली होती ती वरची कोवळी पानं, तीही फक्त कडांना, जिथे थेंब साठतात तिथे.

"किती घेतलंत?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"अंदाजे एक चमचा."

"कुठला चमचा?"

"मोठा."

"मोठा म्हणजे?"

मी स्वयंपाकघरात गेलो आणि वाढायचा डाव घेऊन आलो. ताईंनी तो डाव हातात घेतला, थोडा वेळ बघितला, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग त्या जिना चढून माळ्यावर बायकोकडे गेल्या आणि म्हणाल्या की या घरात आजपासून नवीन डाव लागेल, आणि तो कुलपात ठेवायचा. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या तुच्छतेची मला सवय होती. ताई गप्प बसल्या की काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

पुन्हा रोपं लावून प्रयोग करायला हंगाम उरला नव्हता. मग मी तोडगा शोधायच्या मागे लागलो. अपराधी माणसाला तोडगे फार सुचतात. मी विमा कचेरीत नुकसानीचे दावे तपासतो. फोटोवरून आग कशाने लागली ते ठरवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी वाफ्यांचे फोटो काढले, आणि काय सांगू, इतके सुंदर आले. एका बाजूला हिरवंगार, दुसऱ्या बाजूला मसणवट. ताईंच्या उपचारांनी जणू चमत्कार घडवला होता.

ते फोटो मी मास्तरांना दाखवून आलो. मास्तर खूश झाले. म्हणाले, वा, काय देखणा करपा आहे. मी जरा चाचरत खरं काय ते सांगितलं. मास्तरांनी फोटो पुन्हा बघितला आणि मऊ आवाजात म्हणाले की ते त्यांनाही दिसतंय, पण फोटोत करपाच दिसतो ना, मग झालं. परीक्षकांना फरक हवा असतो. तुमच्या ताईंना एवढा फरक कोणीही देऊ शकला नसता.

टोपीलाही फोटो बघायला मिळाले आणि त्यामागची हकीकतही कळली, कशी ते देव जाणे. त्याने मला रस्त्यात गाठून अभिनंदन केलं. स्वतःचा प्रयोग त्याने कुठल्या जमिनीवर केला होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण आकडे मात्र त्याच्याकडे तयार होते, छान गोल गोल. आणि अगदी सहज म्हणाला, "सगळे असंच करतात हो. ताईंना सांगा, एवढं मनाला लावून घेऊ नका."

मी ते सांगितलं. माझ्या शब्दांत सांगितलं, गोड करून सांगितलं. म्हणालो, ताई, खोटं कुठे आहे यात? लाल वाफा चांगला आहे, पांढरा वाईट आहे. नुसते फोटो लावायचे आणि गप्प बसायचं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

ताई अहवाल लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली. "गेले कितीतरी महिने मी गप्पच बसलेय, भाऊजी. आता प्रमाणपत्रही गप्प बसूनच मिळवू?"

अहवालात 'नुकसानीचे कारण' असा एक रकाना होता. तिथे लोक किडीचं नाव लिहितात, रोगाचं लिहितात, गारपीट लिहितात. ताईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'मेहुणा.' आणि खाली कंसात: 'अतिमात्रा.' आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नुकसानीची कारणं शोधत आलो. स्वतःच कारण होण्याची वेळ पहिल्यांदा आली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी ताईंनी मला बरोबर घेतलं. मला वाटलं, आधाराला. बँकेच्या वरच्या मजल्यावर बाकावर बसायला जागा नव्हती. सगळे उमेदवार फाइली छातीशी धरून उभे. टोपीने त्या दिवशी टोपी काढली होती, आणि त्याच्या डोक्यावर तिची कड उमटलेली दिसत होती. आमचा नंबर आला तेव्हा ताईंनी मला दंडाला धरून आत नेलं आणि परीक्षकांसमोर उभं केलं.

"हे काय?" एका परीक्षकाने विचारलं.

"नुकसानीचं कारण," ताई म्हणाल्या. "नमुना आणायला सांगितला होता."

परीक्षक तीन होते. दोघे पुरुष अहवालाकडे बघत होते आणि हसू दाबत होते. मध्ये एक वयस्क बाई बसल्या होत्या, पायात जाड तळाचे बूट, हाताची नखं आखूड कापलेली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं की मी फवारलं का. मी खरं ते सांगितलं, की दया आली. एका पुरुष परीक्षकाला खोकला आला.

बाई ताईंकडे वळल्या. "तुम्ही यांना काय सांगून गेला होतात?"

"पाणी सोडून काही करायचं नाही, असं."

"का करायचं नाही, ते सांगितलं होतंत?"

"नाही."

"का?"

"यांना कळलं नसतं."

आपण काय बोलून गेलो ते ताईंच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांच्या मानेवरची ती ओळखीची शीर वर आली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच देत आल्या होत्या: काय करायचं ते. का, ते कधीच नाही. का विचारायला लोकांना डोकं लागतं, आणि ते त्यांच्याकडे असेल असं ताईंना कधी वाटलंच नव्हतं. मधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला विषय येतो, ते अहवालात दिसतंय. पण ज्याला सांगितलं त्याने नेमकं उलट केलं. म्हणजे सल्ला पोचला नाही. आता सांगा यांना. आम्ही ऐकतो."

मला वाटलं, संपलं. 'बसा' म्हणतानाचा आवाज माझ्या कानात होता.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग एखाद्या अवघड कुलपाला किल्ली लावून बघावी तसं त्यांनी सुरू केलं.

"भाऊजी, तुमचं डोकं दुखतं तेव्हा तुम्ही काय करता?"

"गोळी घेतो."

"मग?"

"मग थांबतं."

"गोळीने थांबतं, की आपोआप थांबलं असतं?"

"गोळीनेच की."

"कशावरून?"

मी विचार केला. "घेतली म्हणून."

"आणि त्याच दिवशी, तसंच डोकं दुखणारे, पण गोळी न घेतलेले दुसरे तुम्ही शेजारच्या खोलीत बसले असते, तर कळलं असतं की नाही? त्यांचंही तेवढ्याच वेळात थांबलं, तर गोळी फुकट."

"हो," मी म्हणालो. मला खरंच कळत होतं.

"पांढऱ्या काठीचा वाफा म्हणजे ते दुसरे तुम्ही. त्यांना बसवून ठेवायचं होतं. तुम्ही त्यांना गोळी चारलीत. तीही डावाने." ताईंचा आवाज जरा खाली आला. "आता लाल वाफ्याला मी दिलेलं औषध कामाचं होतं की उगीच दिलं, ते मलाच सांगता येत नाही. करपा आला होता, पण पेलण्याइतका होता का? कदाचित काही न करताही फळ आलं असतं. दुकानात येणाऱ्याला मला बहुतेक वेळा हेच सांगायचं असतं, की थांबा. तो माझ्यावर का विश्वास ठेवील? दाखवायला माझ्याकडे तेवढा एक वाफा होता."

इतक्या वर्षांत ताई माझ्याशी सलग एवढं बोलल्याचं मला आठवत नाही, आणि त्यात टोमणा एकच. मला काहीतरी छानसं बोलून त्यांना हातभार लावावासा वाटला. मधल्या बाईंनी मला विचारलं, कळलं का. मी म्हणालो, कळलं, अगदी स्वच्छ कळलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सवय जात नाही. मी म्हणालो, "पण फार केविलवाणी दिसत होती हो ती रोपं."

ताईंनी डोळे मिटले. दोन्ही पुरुष परीक्षक मोकळेपणाने हसले. मधल्या बाई मात्र माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी ताईंकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती दिसली. ती माझ्यासाठी नव्हती.

निकाल लागला. टोपी वरच्या नंबरात आला. ताई शेवटून दुसऱ्या आल्या, आणि पुढच्या हंगामात प्रयोग नव्याने करून दाखवायच्या अटीवर त्यांना प्रमाणपत्र मिळालं. शेवटच्या नंबरावर कोण होतं ते आम्ही विचारलं नाही. ताईंनी ती व्यक्ती मनातल्या मनात पाहून घेतली असणार.

खुर्ची टोपीलाच मिळायची. मालकांनी त्याच्यासाठी टेबलावर काचही घातली होती. पण प्रमाणपत्र हातात पडल्यापडल्या त्या टोपीच्याच कंपनीने त्याला उचललं, मोठ्या हुद्द्यावर, आणि तो मामाला शेवटचा नमस्कार करून मोटारसायकलवरून गेला तो गेलाच. मालकांनी खुर्चीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि नाइलाजाने गल्ल्याकडे पाहिलं. ताई उठल्या, खुर्ची फडक्याने पुसली, काच काढून भिंतीला उभी करून ठेवली आणि बसल्या. काचेवर पान नीट दिसत नाही म्हणे.

त्या संध्याकाळी साडू घरीच राहिले. हळूहळू त्यांचं वजनही वाढलं.

परवा मी दुकानात गेलो होतो. टेबलासमोर बाकावर माणसं दाटीने बसलेली. ताई तशाच आहेत. 'हे पान आहे की रुमाल' अजून चालू आहे. 'नको, थांबा' सुद्धा चालू आहे. पण 'नको' म्हटल्यावर त्या आता क्षणभर थांबतात, कडू काढा घ्यायच्या आधी माणूस थांबतो तशा, आणि मग म्हणतात, "का ते सांगते." आणि डोकेदुखीची गोष्ट सांगतात. त्यात शेजारच्या खोलीतला माणूस असतो, दया असते, वाढायचा डाव असतो, आणि 'आमचे एक भाऊजी आहेत' अशी सुरुवात असते. लोक हसतात. मग औषध न घेता उठून जातात, आणि मालक आतल्या खोलीत छातीवर हात ठेवतात.

एका शेतकऱ्याने माझ्या शर्टावरचे निळे ठिपके निरखून पाहिले आणि आदबीने विचारलं, "डाववाले भाऊजी तुम्हीच का?"

मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगा, छाती जराशी फुगली. बाकावरची माणसं सरकली आणि मला जागा मिळाली. ताईंच्या सबंध सल्ल्याचा पाया आपण आहोत, असं त्या क्षणी मला वाटून गेलं. गर्दी ओसरल्यावर मी टेबलाजवळ जाऊन बसलो आणि इतके दिवस मनात असलेलं बोलून टाकलं. म्हणालो, ताई, आता कसं छान समजावून सांगता. जाण्यापूर्वी त्या दिवशी मलाही असंच 'का' ते सांगितलं असतंत, तर पुढचं सगळं रामायण टळलं नसतं का?

ताई एक मिरचीचं पान उजेडात धरून बघत होत्या. त्यांनी पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तरी तुम्ही फवारलंच असतं."